लो-कार्ब सुरू केल्यावर दोन आठवड्यांत चार किलो उतरले, आता काटा हलत नाही. घरात रोज भात-चपाती असताना हे पुढे कसं चालवायचं?

तुमचा प्रश्न वाचला आणि आधी हसूच आलं. तीन वर्षांपूर्वी माझी नेमकी हीच गत झाली होती. तुम्ही लिहिलंय की वय ३६, वजन ८२, भात, चपाती, साखर एकदम बंद. पहिल्या पंधरवड्यात चार किलो कमी आणि त्यानंतर वीस दिवस काटा ढिम्म. वर घरचे रोज विचारतात, "हे खूळ अजून किती दिवस?"

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशला बसते आणि निघायच्या आधी पाच माणसांच्या चपात्या लाटून निघते. वय ४७, उंची पाच फूट दोन इंच. वजन ७८ किलो ४०० ग्रॅम होतं, अकरा महिन्यांत ६६ वर आलं, आता ६८ च्या आसपास घुटमळतंय. त्या अनुभवावर सांगते.

आधी तुमच्या चार किलोंचं बघू. ते सगळे चरबीचे नव्हते. भात-चपातीतून आलेल्या साखरेपैकी जी लगेच लागत नाही, ती शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवतं. त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसाच्या अंगात तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतो आणि त्याचा प्रत्येक ग्रॅम जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. कार्ब (म्हणजे धान्यातला स्टार्च, साखर वगैरे कर्बोदकं) तोडले की आधी हा साठा उपसला जातो, पाणी लघवीवाटे निघून जातं. दीड-दोन किलो तिथेच गेले. भाचीच्या लग्नात दोन दिवस जिलेबी-मसालेभात झाला तेव्हा माझं पावणेदोन किलो परत आलं, मी रडकुंडीला आले, आणि पुढच्या आठवड्यात ते आपोआप गेलंही. चरबीचा हिशेब वेगळा. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला जेमतेम अर्धा किलो. पहिल्या पंधरवड्याचा वेग डोक्यातून काढून टाका, तो आता येणार नाही.

तरीपण वीस दिवस काटा अजिबात हलत नाही म्हणजे पाण्याशिवाय आणखी काहीतरी आहे. माझ्या घरात ते 'काहीतरी' ओट्याच्या कोपऱ्यात, काचेच्या बरणीत होतं. आमच्याकडे दर रविवारी अर्धा किलो शेंगदाणे भाजून ठेवतात, आठवडाभर कूट करायला. चपाती कमी झाल्यावर संध्याकाळी घरी आल्या आल्या माझा हात आपोआप त्या बरणीत जायचा. "शेंगदाण्यात कार्ब कुठे फारसे असतात?" हे एकदा वाचलेलं, मग काय, लायसन्सच मिळालं. वजन पाच आठवडे अडकलं तेव्हा मुलगा म्हणाला, "मम्मी, बरणीचं वजन कर." रविवारी भरली, गुरुवारी रात्री काट्यावर ठेवली. १८० ग्रॅम उरलेले. त्या चार दिवसांत कूट घातलेलं काहीही केलं नव्हतं. म्हणजे ३२० ग्रॅम मी एकटीने, उभ्या उभ्या, भाजी फोडणीला टाकता टाकता खाल्ले होते. १०० ग्रॅमला साधारण ५७० कॅलरी धरा. दिवसाला साडेचारशेच्या वर झाल्या! चपात्या सोडून जे वाचवलं होतं ते सगळं त्या बरणीत गेलं होतं. काजू-बदाम, चीज, साजूक तूप यांचंही तेच. कार्ब नाहीत म्हणून कॅलरी नाहीत असं होत नाही.

आता घरातल्या भात-चपातीचं. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं, आणि माझ्या मते यात इच्छाशक्तीचा भाग थोडा, ताटाच्या मांडणीचा जास्त. आपण म्हणतो 'भाकरी खाल्ली' आणि भाजी असते 'तोंडी लावायला'. आमच्या गावाकडे त्याला कोरड्यास म्हणतात. शब्दातच ठरलेलं आहे की पोट भाकरीनं भरायचं, बाकीचं ती घशाखाली उतरायला. मी एवढंच केलं की भाकरीला कोरड्यास केलं. ताटात आधी मोठी वाटीभर उसळ, दोन पळ्या भाजी, काकडी-मुळ्याची कोशिंबीर, दही. ते निम्मं संपल्यावर एक चपाती नाहीतर अर्धी भाकरी, तोंडी लावायला. भात रविवारी, मटणाच्या रश्श्याबरोबर, कारण त्याशिवाय रस्सा म्हणजे छळ आहे.

सुरुवातीला मी एक दिवस माझ्या जुन्या जेवणाचा कार्बचा हिशेब मांडला होता. तीन चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर: ३० ग्रॅम. सकाळचे पोहे: ५०. डब्यात तीन चपात्या, प्रत्येकी ३० ग्रॅम पिठाची: ६० च्या वर. भात आणि आमटी: ५५. संध्याकाळी खारी-टोस्ट: ३०. रात्री ज्वारीच्या दोन भाकरी: ७०. वर 'थोडासाच' भात: २०. सव्वातीनशेच्या आसपास गेलं की! आणि मी तर स्वतःला 'फारसं न खाणारी' समजत होते. यात उरलेली चपाती धरलीच नाहीये. ती कोणाच्या पोटात जाते हे कोणत्याही घरातल्या बाईला विचारा.

आता दिवसाला १०० ते १२० ग्रॅम कार्बवर असते. याला किटो म्हणत नाहीत. किटोत २० ते ५० ग्रॅमच्या आत राहावं लागतं, आणि पाच जणांच्या घरात एकटीचं वेगळं शिजवत ते वर्षभर पाळणं मला तरी झेपलं नसतं. तुम्ही सगळं 'एकदम बंद' केलंय म्हणता, तर माझा सल्ला असा की एक चपाती परत घ्या आणि बाकीचं नीट बघा. सकाळी मी दोन अंडी खाते किंवा मुगाचं धिरडं. चहा बिनसाखरेचा; पहिले दहा दिवस औषधासारखा लागतो, नंतर साखरेचाच नकोसा होतो. दुपारी डब्यात मटकी, पावटा किंवा आमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा. कडधान्यात कार्ब असतात, पण सोबत प्रथिनं आणि चोथा येतो, त्यामुळे चार वाजता भूक खवळत नाही. बुधवारी बांगडा किंवा बोंबील, त्यात कार्ब जवळपास शून्य. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, १०० ग्रॅमला आठच ग्रॅमच्या आसपास कार्ब. गोड खायची तलफ त्यावर भागते. बाजारातल्या 'लो-कार्ब' बिस्किटांवर आणि पिठांवर एक रुपया घालवू नका.

"ज्वारीची भाकरी खा, वजन उतरतं" हे तुम्हालाही दहा जणांनी सांगितलं असेल. गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, कोणतंही पीठ घ्या, १०० ग्रॅमला ६० ते ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब निघतातच. भाकरी पोटाला चांगली, एका भाकरीत पोट भरतं हेही खरं. पण दोनच्या तीन केल्या तर ज्वारी काही वाचवायला येत नाही.

आणि उपवास! एकादशी, दुप्पट खाशी, ही म्हण ज्याने केली तो माझ्याच स्वयंपाकघरात बसला असणार. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, १०० ग्रॅमला ८७ च्या आसपास कार्ब. ७० ग्रॅम साबुदाण्याची खिचडी, त्यात बटाटा, म्हणजे तीन चपात्यांपेक्षा जास्त, आणि तेही 'उपाशी' राहून. माझ्या सासूबाई एकादशी कधी चुकवत नाहीत. मी आता त्या दिवशी शेंगदाण्याची आमटी (मोजून), दही, काकडी आणि चार घास भगर घेते. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "अगं, खिचडी नाही मग उपास कसला?" दोन महिन्यांनी त्यांनीच त्यांच्या वाटणीची आमटी वाढवून मागितली.

डोकेदुखीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. पहिल्या आठवड्यात काउंटरवर नोटा मोजताना मला गरगरायला लागलं होतं. कार्ब कमी झाले की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ जास्त बाहेर टाकतात. मी त्यात शहाणपणा करून मीठही कमी केलं होतं. मीठ घातलेलं ताक दोन वेळा सुरू केलं आणि दोन दिवसांत डोकं जागेवर आलं. पण तुम्हाला रक्तदाब असेल, गोळी चालू असेल, तर हे डॉक्टरांना विचारूनच.

गोळ्यांवरून आठवलं, आणि हे मात्र नीट वाचा. माझ्या मिस्टरांना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू होती. माझं बघून त्यांनीही उत्साहात चपात्या तीनच्या एकवर आणल्या, गोळी तेवढीच ठेवली, कुणाला विचारलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी सोफ्यावर बसल्या बसल्या घामाने बनियन भिजलं, हात थरथरायला लागले. ग्लुकोमीटरवर ५८, म्हणजे साखर फारच उतरलेली. तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी आकडा वर आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी निम्म्यावर आणली आणि आम्हा दोघांनाही झापलं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कार्ब स्वतःहून तोडायचे नाहीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली मधुमेहाची गोळी असेल तर धोका वेगळा आहे. त्यात रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढून आम्लता होऊ शकते, आणि तीही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना, त्यामुळे लक्षात यायला उशीर होतो. मूत्रपिंडाचा आजार असेल, गरोदरपण असेल, अंगावर पाजत असाल, तर माझं हे उत्तर तुमच्यासाठी नाही.

लो-कार्ब इतर सगळ्या आहारांपेक्षा भारी आहे का? माझं वजन उतरलं तरी तसं मी म्हणणार नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभर प्रयोग केला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमी चरबी, निम्म्यांना कमी कार्ब. वर्षाअखेर कमी चरबीवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कार्बवाल्यांचं ६ किलो, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाही. शिवाय हे काही नवीन खूळही नाही. १८६३ साली लंडनमध्ये अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थाने पाव, साखर, बटाटे सोडून वीसेक किलो वजन उतरवलं आणि त्यावर पुस्तिका काढली होती. मला ते जमलं कारण माझा दोष पिठात होता. ज्याचा दोष वडे-भज्यांत आहे त्याने तेलाकडे बघावं.

आपल्याकडे मात्र पीठ-भात-साखर फार होतं, हे आकड्यांनीही दिसतं. आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेह सर्वेक्षणातल्या १८ हजारांहून जास्त प्रौढांच्या अभ्यासातून २०२२ मध्ये जे निघालं त्यात नव्याने मधुमेह झालेल्यांसाठी एकूण कॅलरींपैकी ४९ ते ५४ टक्के कार्ब सुचवले आहेत. आपण ६० ते ७५ टक्क्यांत असतो. म्हणजे तिथेही भाकरी बंद करा असं कुणी म्हणत नाही, थोडी सरकवा म्हणतात. डॉ. दीक्षितांचं दोन वेळा जेवण आणि हे लो-कार्ब, यात लोक गल्लत करतात. त्यात मुख्य भर किती वेळा जेवायचं यावर आहे, यात ताटात काय असावं यावर.

माझे रिपोर्टही सांगून टाकते, नुसतं चांगलं तेवढं सांगण्यात अर्थ नाही. एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१ वरून ५.६ झालं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) २१२ वरून १२८. पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ वरून १३९ वर चढलं, कारण 'कार्ब नाहीत' म्हणत मी भाजीवर तुपाची धार सोडत होते. तूप चमच्याने मोजायला लागले तेव्हा ते खाली आलं. तीनेक महिन्यांनी केस गळले तेही खरं, वजन झपाट्याने उतरलं की होतं तसं. प्रथिनं वाढवली आणि पुढे थांबलं. बद्धकोष्ठ पहिल्या महिन्यात झालं होतं, भाज्या वाढवल्यावर गेलं. आणि हो, सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढते, आठवड्यातून चार दिवस. त्याने वजन किती उतरलं माहीत नाही, पण गुडघे आता कुरकुरत नाहीत.

तुम्ही आता काय करावं? वजन रोज नको, आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्या उठल्या. कंबर टेपने मोजा, कधी कधी काटा थांबतो आणि साडीच्या निऱ्या वाढतात. तीन दिवस जे जे तोंडात जातं ते लिहून काढा, उभ्याने खाल्लेलंसुद्धा. पण त्याआधी आज रात्री ओटा आवरताना, भाजलेले शेंगदाणे, काजू, चीज, जे काही 'यात कार्ब नाहीत' म्हणून घरात आणलंय त्याचं वजन करून कागदावर लिहा आणि चार दिवसांनी परत करा.