पीएस ५ ला (सोनीचं गेमिंग मशीन) टीव्हीतून ऑप्टिकल वायरने ५.१ होम थिएटर (पाच स्पीकर, एक सबवूफर) जोडलाय, टेस्ट टोनला (रिसीव्हर एकेका स्पीकरवर वाजवतो तो तपासणीचा आवाज) पाचही स्पीकर वाजतात म्हणजे सिस्टिम ओके आहे, तरी गेममध्ये मागचा माणूस मागून ऐकू येत नाही. नवीन रिसीव्हर (स्पीकरना आवाज वाटणारा डबा) घेऊ का? नाशिकमध्ये घरी येऊन बघणारं कोणी आहे का?

रिसीव्हर घेऊ नका. माणूसही बोलावू नका अजून, व्हिजिटचे पैसे जातील आणि तो टेस्ट टोन लावून दाखवेल आणि म्हणेल बघा साहेब, सगळे वाजतायत.

तुम्ही वर लिहिलंय ना, "टेस्ट टोनला पाचही स्पीकर वाजतात म्हणजे सिस्टिम ओके आहे", ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून तीन वर्षं ऐकलंय.

दाजी अंबडला कंपनीत मेंटेनन्सला आहेत, त्यामुळे आमच्या खानदानात मिक्सरपासून बोअरच्या मोटरीपर्यंत वायरचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी स्वतःला नवीन सिस्टिम घेतली तेव्हा जुना रिसीव्हर, पाच स्पीकर आणि सबवूफर असं सगळं छोट्या हत्तीत घालून सिडकोतून आमच्याकडे उपनगरला (नाशिकमधल्या भागाचं नावच ते) आणून दिलं, फुकट, वर स्वतः भिंतीला ड्रिल मारून मागचे दोन स्पीकर टांगून दिले. आता जावयाने एवढं मनापासून दिलेल्या वस्तूत मी खोट काढायची म्हणजे आईच्या दृष्टीने पापच. मी एकदा म्हटलं की दाजी, मागचे स्पीकर नुसते पुढच्याची नक्कल करतायत, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते देतायत ते दिसत नाही, तुला काय खोटच दिसते." दाजी हसले, रिमोटचं एक बटण दाबलं, पाचही स्पीकरमधून दणक्यात आवाज. "हे काय मग? मागून येतोय का नाही? तुझे कान गेलेत हेडफोन लावून लावून."

ते बटण म्हणजे ऑल चॅनल स्टीरिओ. कोणी काढलं असेल ते बटण, त्याला पाडव्याच्या पाटावर बसवून नाशिक ढोलाच्या मधोमध ठेवायला पाहिजे. ते काय करतं, तर आलेले दोन चॅनल (डावा आणि उजवा असे वेगवेगळे आवाज) घेतं आणि डावा आवाज डावीकडच्या सगळ्या स्पीकरना, उजवा उजवीकडच्या सगळ्यांना वाटून टाकतं. लग्नाच्या हॉलला ठीक आहे. गेममध्ये कोणी मागून चालत आला तर त्याची पावलं पुढून पण वाजतात आणि मागून पण, मग माणूस कळणार कसा.

आवाज कुठून येतो हे कळणं म्हणजे काय हे मला दाजींनी शिकवू नये खरं तर. माझं आजोळ भगूर. देवळालीच्या तोफखान्याची फायरिंग सुरू असली की आम्ही पोरं गच्चीवर बसून धूर दिसला की आकडे मोजायचो, तीन मोजेपर्यंत एक किलोमीटर, आणि आवाज आला की बोट दाखवायचं कुठल्या अंगाने आला. इथे उपनगरला डोक्यावरून गांधीनगरच्या लष्करी तळावरची हेलिकॉप्टरं जातात, बाहेर न बघता मी सांगतो की नाशिकरोडकडे चाललंय का द्वारका सर्कलकडे. अशा माणसाला कान गेलेत म्हणायचं. शेवटी वैतागून मी खरंच जाऊन ऑडिओमेट्री करून आलो, दोन्ही कान २५ डेसिबलच्या आत, म्हणजे नॉर्मल. तो रिपोर्ट प्लास्टिक फोल्डरमध्ये घालून टीव्हीच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. दाजींनी बघितला आणि म्हणाले, "मशीन कॅलिब्रेट केलेलं होतं का पण?"

असो. तुमचं.

टेस्ट टोन हा रिसीव्हर स्वतःच्या पोटात तयार करतो. त्यावरून एवढंच कळतं की रिसीव्हरपासून स्पीकरपर्यंत वायर शाबूत आहे. पीएस ५ कडून रिसीव्हरपर्यंत पाच चॅनल येतायत का दोन, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तुमचं आणि माझं जोडणं सेम आहे, पीएस ५ ची एचडीएमआय टीव्हीला आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायर रिसीव्हरला, कारण जुन्या रिसीव्हरला एचडीएमआय नाही आणि पीएस ५ ला ऑप्टिकलचं भोकच ठेवलेलं नाही. आणि ऑप्टिकलमधून साधा पीसीएम (न दाबलेला डिजिटल) आवाज दोनच चॅनल जातो. पाच हवे असतील तर ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या फॉरमॅटमध्ये दाबून, गाठोडं बांधून पाठवावे लागतात. पीएस ५ लिनिअर पीसीएमवर असेल तर तो टीव्हीला देतो काहीही, टीव्ही पुढे दोनच ढकलतो, आणि मग रिसीव्हर त्या दोनाचे पाच करून आपल्याला उल्लू बनवतो.

म्हणून कान बाजूला ठेवा आणि गेम चालू असताना रिसीव्हरच्या डिस्प्लेवरची अक्षरं वाचा. तिथे पीसीएम, प्रो लॉजिक (दोनाचे पाच करणारा मोड), स्टीरिओ असलं काही असेल तर दोन चॅनल येतायत, खेळ खलास. डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस असं स्वच्छ लिहून आलं तर पाच येतायत. मी तीन वर्षं भांडलो पण त्या डिस्प्लेकडे बघितलं नव्हतं हे पण सांगतो, कारण दाजींनी तो मंद करून ठेवला होता, डोळ्यात जातो म्हणून.

बदल दोन ठिकाणी करायचा. पीएस ५ च्या सेटिंगमध्ये साउंड, ऑडिओ आउटपुट, तिथे एचडीएमआय डिव्हाइस एव्ही अँप्लिफायर करा आणि ऑडिओ फॉरमॅट लिनिअर पीसीएमवरून डॉल्बी करा. डीटीएस पण चालतं पण काही टीव्ही डीटीएस पुढे सोडतच नाहीत म्हणून आधी डॉल्बी. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर असेल ते पास थ्रू किंवा बिटस्ट्रीम किंवा ऑटो, जे नाव असेल ते करा. बहुतेक लोक एकच करतात आणि म्हणतात काही फरक नाही. गेम पूर्ण बंद करून परत उघडा, काही गेम सुरू होतानाच बघून ठेवतात की किती स्पीकर आहेत, आणि गेमच्या आतल्या ऑडिओ मेनूमध्ये पण होम थिएटर निवडा, तिथे हेडफोन राहिलं असेल तर परत बोंब.

आता भाऊबीज. दाजी जेवून सोफ्यावर आडवे झाले होते, मी आदल्या रात्री हे सगळं करून ठेवलं होतं, डिस्प्लेवर डॉल्बी डिजिटल आलेलं बघून मला झोप लागली नव्हती. मी म्हटलं दाजी, डोळ्याला टॉवेल बांधा. बहीण म्हणाली सणासुदीचं काय चाललंय. पण पोरं ओरडायला लागली म्हणून त्यांनी बांधला. मी गेममध्ये एका जनरेटरशेजारी उभा राहिलो, सतत घरघर करणारी वस्तू पाहिजे या टेस्टला, धबधबा पण चालेल, आणि उजव्या स्टिकने हळूहळू गोल फिरायचं. आधी जुन्या सेटिंगवर. दाजींनी चारपैकी चारही वेळा टीव्हीकडे बोट दाखवलं. मग नवीन सेटिंग. जनरेटर मागे गेला आणि दाजींनी खांद्यावरून मागे बोट केलं, टॉवेल बांधलेला माणूस, आख्ख्या घरासमोर. मी तो रिपोर्ट ड्रॉवरमधून काढणारच होतो.

तेवढ्यात दाजी म्हणाले, "मागून येतोय, पण उलटा येतोय रे." आणि खरंच, जनरेटर मागे डावीकडे होता आणि बोट उजवीकडे. मी दोनदा फिरवून बघितलं. मागच्या वर्षी घराला रंग दिला तेव्हा मागचे स्पीकर मीच काढले होते आणि मीच लावले होते, डाव्याची वायर उजव्याला. आधी ते लक्षातच आलं नाही, नुसता घोळ वाटायचा आणि तो घोळ मी दाजींच्या नावावर मांडत होतो. टेस्ट टोन लावला असता तर दोन मिनिटांत सापडलं असतं, डिस्प्ले म्हणतो सराउंड लेफ्ट आणि वाजतो उजवा, पण दाजींचा टोन म्हणून मी वर्षभर त्याला हात लावला नव्हता. तेव्हा तुम्ही लावाच, फक्त वाजतो का नाही एवढंच ऐकू नका, जो म्हणतोय तोच वाजतो का बघा.

अजून एक दोन राहिलं. मागचे स्पीकर टीव्हीच्या शोकेसमध्ये पुढेच ठेवले असतील तर वरचं सगळं विसरा, ते तुमच्या बसायच्या जागेच्या बाजूला, कानाच्या थोडे मागे पाहिजेत, समोर शून्य धरलं तर साधारण ११० अंशावर. वायरचा लाल लालला, काळा काळ्याला. आणि तुमची सिस्टिम जर ती ब्लूटूथ, पेन ड्राइव्ह, एफएम वाली असेल जिला मागे फक्त लाल-पांढरी पिन आहे, तर ती नावाची ५.१ आहे, तिच्यात डॉल्बी उलगडायची सोयच नसते, ब्लूटूथने पण दोनच चॅनल जातात, तिथे सेटिंगने काही होणार नाही. तुम्ही ऑप्टिकल लिहिलंय म्हणून एवढं बोललो.

काही टीव्ही असेही असतात की बाहेरून आलेल्या एचडीएमआयचा आवाज ऑप्टिकलमधून दोनच चॅनल देतात, काही करा. मग मधे एक एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर लावायचा, डबी असते, पीएस ५ ची वायर आधी तिच्यात, तिथून टीव्हीला एचडीएमआय आणि रिसीव्हरला ऑप्टिकल. एम. जी. रोडला विचारा. घेताना डॉल्बी ५.१ सोडतो ना हे विचारून घ्या, आणि फोरके हवं असेल तर ते पण. एवढं करूनही नाही झालं तर मगच एचडीएमआय वाला रिसीव्हर.

आणि हो, रात्री एकटेच खेळत असाल तर यातलं काहीच करू नका. साधा हेडफोन कंट्रोलरच्या खालच्या पिनमध्ये घाला, साउंडमध्ये थ्रीडी ऑडिओ चालू करा, मागचा माणूस मागून येतो. हे मी दाजींना अजून सांगितलेलं नाही.

डिस्प्लेवर काय अक्षरं आली ते खाली लिहा.