लस्टरला कोण जोडलंय? क्लायंटच्या पत्त्यांविषयी प्रश्नोत्तरे

आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक लस्टरबद्दल, म्हणजे अनेक मशिनना एकत्र वापरता येणाऱ्या फाइल सिस्टिमबद्दल, आहेत. साहजिकच आहे. सी-डॅकच्या ‘परम’ मालिकेपासून विद्यापीठांतल्या छोट्या क्लस्टरपर्यंत अनेक ठिकाणी हीच फाइल सिस्टिम चालते. क्लायंटचा, म्हणजे ती वापरणाऱ्या मशिनचा (नोडचा), पत्ता पाहणं ही वरवर साधी गोष्ट, पण त्यातला घोळ एकदा नीट समजून घेतला की रात्रीअपरात्रीची बरीच धावपळ वाचते.

प्रश्न : आमच्या कोणकोणत्या नोडवर लस्टर माउंट आहे, याची यादी हवी आहे. प्रत्येक नोडवर लॉगिन करत बसणं शक्य नाही. सर्व्हरवरून कळेल का?

कळेल, आणि सर्व्हरलाच विचारलेलं बरं. मेटाडेटा सर्व्हरवर (फाइलींची नावं, परवानग्या सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) रूट म्हणून ‘एलसीटीएल गेट_पॅरम’ चालवा आणि पुढे ‘एमडीटी.*.एक्सपोर्ट्स.*.यूयूआयडी’ द्या. एक्सपोर्ट्स म्हणजे जोडलेल्या प्रत्येकाची सर्व्हरकडची नोंद, यूयूआयडी म्हणजे त्याची ओळखखूण. प्रत्येक ओळीत १०.२०.३.४१@ओ२आयबी अशा धाटणीचा एक पत्ता दिसेल. याला एनआयडी म्हणतात. ‘@’च्या आधी आयपी, नंतर लस्टरच्या स्वतःच्या नेटवर्कचं नाव: इन्फिनिबँड (क्लस्टरमधलं वेगवान नेटवर्क) असेल तर ओ२आयबी, साधं इथरनेट असेल तर टीसीपी. ‘@’नंतरचा भाग कापून टाकून यादी करू नका. एकाच मशिनला दोन्ही नेटवर्कवर पत्ते असू शकतात आणि नुसत्या आयपीवरून तो कोणत्या वाटेने आला ते कळत नाही. नोडचा स्वतःचा एनआयडी पाहायचा असेल तर त्या नोडवर ‘एलसीटीएल लिस्ट_एनआयडीज’.

प्रश्न : आमचे कम्प्युट नोड ६४ आहेत, पण ‘नम_एक्सपोर्ट्स’चा आकडा बराच जास्त येतो. यादीत ‘०@लो’ असाही एक पत्ता आहे. कुणी बाहेरचं घुसलंय का?

घाबरू नका. लस्टरमध्ये सर्व्हरसुद्धा एकमेकांचे क्लायंट असतात. मेटाडेटा सर्व्हर प्रत्येक ओएसटीला (फाइलींचा खरा डेटा ठेवणाऱ्या साठ्याला) जोडलेला असतो, आणि ओएसटीही मेटाडेटा सर्व्हरकडे एक हलकं कनेक्शन उघडून ठेवतात. यूयूआयडीत ‘एलडब्ल्यूपी’ किंवा ‘एमडीटीएलओव्ही’ दिसलं की ती घरचीच माणसं समजा. ‘०@लो’ म्हणजे त्याच मशिनवरून आलेलं कनेक्शन.

आणखी एक: अनमाउंट करून गेलेल्या क्लायंटची नोंद एक्सपोर्ट्समध्ये मागे राहते, फक्त तिच्यातलं यूयूआयडी रिकामं असतं. म्हणून नुसती नावं मोजू नका. ज्यांच्यापुढे यूयूआयडी आहे तेवढेच जिवंत धरा. जुन्या नोंदी झाडायच्या असतील तर ‘एक्सपोर्ट्स.क्लिअर’ला ० लिहा.

प्रश्न : सर्व्हरवर ‘एसएस’ या कमांडने लस्टरच्या ९८८ पोर्टवरची कनेक्शन पाहिली, तर दोनच पत्ते दिसले. एक्सपोर्ट्समध्ये मात्र शेकडो क्लायंट आहेत. खरं कोणाचं?

दोन्ही खरं आहे, पण तुम्हाला हवंय ते एक्सपोर्ट्समधलं. तुमच्याकडे बहुधा एलनेटचे, म्हणजे लस्टरच्या स्वतःच्या नेटवर्क थराचे, राउटर आहेत. क्लायंट एका नेटवर्कवर, सर्व्हर दुसऱ्या, मधे दोन राउटर. टीसीपीचं कनेक्शन सर्व्हर आणि राउटर यांच्यातच असतं, म्हणून ‘एसएस’ला राउटरच दिसणार. पण एलनेटच्या प्रत्येक संदेशाच्या शीर्षात मूळ पाठवणाऱ्याचा एनआयडी असतो आणि राउटर त्याला हात लावत नाही. आतल्या पत्रावर पाठवणाऱ्याचं नाव असतं, पोस्टमन कोण होता यानं फरक पडत नाही. सर्व्हर पत्र वाचतो, ‘एसएस’ पोस्टमनकडे पाहतं.

इन्फिनिबँडवर तर ‘एसएस’ला डेटाची कनेक्शनं मुळीच दिसत नाहीत, कारण ती आरडीएमएवरून, म्हणजे कर्नलच्या नेहमीच्या टीसीपी वाटेला वळसा घालून, जातात. तेव्हा नेटवर्कची नेहमीची साधनं इथे बाजूला ठेवा. कंटेनरचंही असंच. माउंट होस्टच्या कर्नलमध्ये होतो, त्यामुळे आतले दहा कंटेनर सर्व्हरला होस्टच्या एकाच एनआयडीने दिसतात.

मल्टी-रेल, म्हणजे एका मशिनच्या अनेक नेटवर्क जोडण्या एकत्र वापरण्याची लस्टर २.१० पासून आलेली सोय, वापरत असाल तर एका क्लायंटचे अनेक एनआयडी असतात आणि एक्सपोर्ट्समध्ये त्यांपैकी मुख्य तेवढा येतो. बाकीचे ‘एलनेटसीटीएल पीअर शो’मध्ये सापडतील.

प्रश्न : मधूनच सगळ्यांचं ‘एलएस’ अडकतं. कोणता नोड मेटाडेटा सर्व्हरला छळतोय, हे कसं शोधायचं?

एक्सपोर्ट्समध्ये प्रत्येक एनआयडीखाली ‘स्टॅट्स’ असतात: ओपन, क्लोज, गेटॲटर (फाइलची माहिती विचारणं), अनलिंक (फाइल काढणं) वगैरे किती झाले. हे आकडे साठत जाणारे असतात, म्हणून एकदा वाचून निष्कर्ष काढला तर फसाल. महिनाभर चालू असलेला नोड उगाच दोषी ठरेल. दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा आणि वजाबाकी करा. गेटॲटर एकाच एनआयडीवर झपाट्याने वाढत असेल, तर तिथे कुणीतरी लाखो फाइल असलेल्या फोल्डरवर ‘एलएस -एल’ किंवा ‘फाइंड’ लूपमध्ये चालवतंय, हा माझा पहिला संशय असेल.

एनआयडी मशिनपर्यंत नेतो, माणसापर्यंत नाही. एका नोडवर चार जणांचे जॉब असतील तर ‘जॉब_स्टॅट्स’ हवेत. ‘जॉबआयडी_व्हार’मध्ये स्लर्मचा (जॉब वाटून देणाऱ्या प्रणालीचा) जॉब क्रमांक ज्या एन्व्हायरनमेंट व्हेरिएबलमध्ये असतो त्याचं नाव द्या, मग सर्व्हर थेट जॉबनुसार हिशेब ठेवतो. हे अडचण येण्याआधीच चालू करून ठेवा, ही मनापासून विनंती. नंतर मागचं काही मिळत नाही.

प्रश्न : लॉगमध्ये एका नोडबद्दल ‘२२७ सेकंद काही ऐकू आलं नाही, मेला असावा, काढून टाकतोय’ असा संदेश येतो. नोड तर चालू आहे.

त्याच ओळीत कंसात एनआयडी दिलेला असतो, तो उचला आणि सर्व्हरवरून ‘एलसीटीएल पिंग’ करा. साधं पिंग नको, कारण आयपी पोहोचला म्हणजे एलनेट पोहोचलं असं नसतं. क्लायंट स्वस्थ बसला असला तरी ठरावीक वेळाने सर्व्हरला हाक देत असतो. ती हाक बंद पडली की त्याला काढलं जातं, त्याने धरलेली कुलुपं सुटतात आणि इतरांचं काम पुढे सरकतं. नोड खरंच चालू असेल तर केबल, स्विच किंवा मेमरी संपून गोठलेला कर्नल, या क्रमाने पाहा.

प्रश्न : ठरावीक एनआयडींनाच परवानगी दिली तर तेवढी सुरक्षा पुरेल का?

नाही. लस्टर २.९ पासून नोडमॅप या सोयीने एनआयडींच्या पट्ट्यानुसार (रेंजनुसार) वापरकर्ते बदलता येतात, रूटला सामान्य करता येतं, आणि हे जरूर करा. पण पत्ता हा पुरावा नव्हे. नेटवर्कवर कुणी दुसऱ्याचा आयपी लावू शकत असेल तर पट्टा काय करणार? संवेदनशील डेटा असेल तर सामायिक किल्ली किंवा केर्बेरॉस, म्हणजे ओळख पटवून घेणारी पद्धत, हवीच.

प्रश्न : आमच्याकडे लस्टर नाही, सेफएफएस ही दुसरी सामायिक फाइल सिस्टिम आहे. तिथे क्लायंट कसे पाहायचे?

‘सेफ टेल एमडीएस.० सेशन एलएस’ चालवा. प्रत्येक सेशनमध्ये पत्ता येतो, शेवटी ‘:०/’ आणि एक लांब आकडा. पोर्ट ० आहे कारण क्लायंट कुठल्याही पोर्टवर ऐकत बसत नाही. पुढचा आकडा त्या क्लायंटची ती विशिष्ट खेप ओळखण्यासाठी. खालच्या ‘क्लायंट_मेटाडेटा’त होस्टनेमही मिळतं, जे लस्टरच्या यादीत मिळत नाही. एखाद्याला हाकललंत तर तो पत्ता आपोआप ब्लॉकलिस्टमध्ये जातो. परत जोडला जात नसेल तर आधी ‘सेफ ओएसडी ब्लॉकलिस्ट एलएस’ बघा.