कोल्हापुरात घरगुती मसाल्याच्या पाकिटांसाठी स्टिकर घरीच छापायचे आहेत. कोणते मशीन घ्यावे?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी, शिवाय काकवी. महिन्याला दीड-दोन हजार नग, बजेट २५ हजारांच्या आसपास, आणि मनात रंगीत इंकजेट प्रिंटर व ए-४ स्टिकर शीट.

रंगीत प्रिंटर घेऊ नका. रंगीत भाग प्रेसमधून रोलवर छापून आणा, त्यात जागा कोरी ठेवा आणि त्या कोऱ्या जागेत काळी छपाई करणारा रिबनचा थर्मल प्रिंटर घरी ठेवा. कारण तुमच्या स्टिकरवर दोन प्रकारचा मजकूर आहे. ब्रँडचं नाव, बॉर्डर, पत्ता, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर, शाकाहारी चिन्ह हे वर्षभर तेच राहतं. बॅच नंबर, तारीख, एमआरपी, वजन हे दर घाण्याला बदलतं. तेच तेच रंगीत चित्र घरी पुन्हा पुन्हा छापण्यात शाई आणि वेळ दोन्ही जातात.

आणखी एक पायरी पुढे जा. चारही मालांना मिळून एकच रंगीत स्टिकर करा आणि पदार्थाचं नाव आणि घटकसुद्धा घरी काळ्यात छापा. रोलच्या छपाईत प्रत्येक डिझाइनला रंगागणिक प्लेट लागते, आकाराची डाय (कापायचा साचा) वेगळी, आणि कमी नग छापायला प्रेसवाले तयार नसतात. चार डिझाइनं केलीत तर प्लेटचा खर्च चार वेळा, आणि जवसाच्या चटणीचे स्टिकर दोन वर्षं पडून. एकच डिझाइन असेल तर पाच हजार नगांची ऑर्डरही अंगावर येत नाही.

इंकजेट का नको, तेही सांगतो. घरगुती इंक-टँक प्रिंटरमध्ये रंगीत शाई बहुतेक वेळा डाय प्रकारची असते, ती पाण्यात विरघळते. जुलै-ऑगस्टमधली कोल्हापूरची हवा आणि दुकानदाराचा ओला हात, एवढ्यात लाल रंग पांढऱ्यात उतरतो. पिगमेंट शाई पाण्याला टिकते, पण तेलाचा हात लागला की साधा कागद पारदर्शक होतो तो होतोच. वर कोल्ड लॅमिनेशन केलं तर टिकतं, पण मग छाप, वाळव, फिल्म चढव, काप, असं महिन्याला दोन हजार वेळा करायला एक माणूस लागेल. लेझरचा टोनर पाण्याला हटत नाही, पण आत कागद दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरखालून जातो. इंकजेटसाठीची प्लास्टिक स्टिकर शीट चुकून घातली तर ती वितळून फ्यूझरला (त्या तापत्या रोलरला) चिकटते आणि दुरुस्तीचा आकडा नव्या प्रिंटरच्या जवळ जातो. शिवाय लेझर घरच्या छोट्या यूपीएसवर चालत नाही.

आता थर्मल. दुकानात दोन प्रकार दाखवतील. डायरेक्ट थर्मल म्हणजे कुरिअरच्या लेबलसारखा, कागदच तापून काळा होतो, रिबन नसते. स्वस्त दिसतो, पण तुमच्या मालाला अजिबात चालणार नाही. ऊन, उष्णता आणि तेल या तिन्हींनी ती छपाई उडते किंवा कागद करडा पडतो, आणि कांदा-लसूण मसाल्याला तेल सुटतंच. तारीख न दिसणारं पाकीट दुकानदार परत पाठवतो. तुम्हाला थर्मल ट्रान्सफर हवा, म्हणजे रिबनवाला. चार इंची डेस्कटॉप मॉडेलं, उदाहरणार्थ टीएससी टीई २४४ किंवा झेब्रा झेडडी २३०, या कामाला पुरेशी आहेत आणि तुमच्या बजेटमध्ये रिबन-रोलसकट बसायला हवीत. ३०० मीटरची रिबन बसते याची खात्री करून घ्या. ७४ मीटरची छोटी रिबन सारखी बदलावी लागते.

हिशेब असा: स्टिकर ७५ मिमी रुंद, ५० मिमी उंच, मधली फट ३ मिमी. म्हणजे एका स्टिकरला ५३ मिमी रिबन, ३०० मीटरमध्ये साधारण ५,६०० स्टिकर. तुमच्या खपाला एक रिबन जवळपास तीन महिने.

रिबन कोणती, ते स्टिकरच्या पृष्ठभागावर ठरतं. क्रोमो (चकचकीत लेपाच्या) कागदाला वॅक्स, म्हणजे मेणाच्या शाईची रिबन चालते. पांढऱ्या पीपी (प्लास्टिकच्या) स्टिकरवर वॅक्स घेतली तर नखाने खरवडून निघते, तिथे वॅक्स-रेझिन लागते. मसाला आणि काकवी दोन्हींसाठी मी पीपीच घ्या म्हणेन. कागदापेक्षा महाग पडतं, पण तेल शोषत नाही आणि काकवीची बाटली ओल्या फडक्याने पुसली तरी लगदा होत नाही. रिबनची रुंदी स्टिकरपेक्षा थोडी जास्त असू द्या. कमी असेल तर प्रिंट हेड (छापणारी तापती पट्टी) कडेला थेट स्टिकरवर घासतं आणि तिथूनच झिजतं.

देवनागरीसाठी हा मुद्दा नीट वाचा. २०३ डीपीआय म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ८ ठिपके. १ मिमी उंचीच्या अक्षरात शिरोरेघ, वेलांटी, रफार आणि जोडाक्षर सगळं ८ ठिपक्यांत बसवायचं. ‘घटक’ वाचता येईल, ‘सर्व करांसह’ गिचमीड होईल. मराठी मजकूर अडीच मिमीच्या खाली नेऊ नका, ठळक फॉन्ट टाळा, मध्यम जाडीचा घ्या. बारीक मराठी मजकूर खूप असेल तर ३०० डीपीआयचं मॉडेल घ्या, तिथे एका मिलिमीटरला जवळपास १२ ठिपके मिळतात. प्रिंटरच्या आतल्या फॉन्टमध्ये देवनागरी शोधू नका. संगणकावर युनिकोड फॉन्टमध्ये लेबल करून विंडोज ड्रायव्हरमधून चित्र म्हणून पाठवा. डीटीपीवाल्याने कोरलमध्ये जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये केलेली फाइल असेल तर ती कर्व्हमध्ये (अक्षरांऐवजी आकृत्यांमध्ये) बदलून घ्या, नाहीतर तुमच्या संगणकावर अक्षरांचा चुराडा होईल.

मॉलमध्ये माल द्यायचा असेल तर ८९० ने सुरू होणारा १३ आकडी बारकोड लागतो. त्याची सर्वांत बारीक रेघ ठिपक्यांच्या पूर्ण पटीतच छापली पाहिजे. २०३ वर ३ ठिपके घेतले की दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसकट बारकोड ४२.४ मिमी रुंद होतो. २ ठिपके घेऊन आणखी लहान केलात तर तो किमान मापाच्या, म्हणजे प्रमाणित आकाराच्या ८० टक्क्यांच्या, खाली जातो. कोरलमध्ये कोपरा धरून ओढून लहान केलेला बारकोड स्कॅनरवर अडतो तो यामुळेच.

प्रेसला ऑर्डर देताना चार गोष्टी लिहून द्या. कोर (रोलच्या मधली नळी) १ इंची, कारण डेस्कटॉप प्रिंटरच्या आत मोठा रोल बसत नाही; रोलचा बाहेरचा व्यास ५ इंचांच्या आत. स्टिकर रोलच्या बाहेरच्या बाजूला आणि कोणती कड आधी बाहेर येणार ते. दोन स्टिकरमधली फट ३ मिमी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कोऱ्या जागेवर व्हार्निश किंवा लॅमिनेशन नको. चकचकीत व्हार्निशवर रिबनची शाई बहुतेक धरतच नाही, तारीख बोटाने पुसली जाते. पूर्ण रोल छापायच्या आधी त्याच मटेरियलचा दोन मीटर नमुना मागा आणि आपल्या रिबनने छापून नखाने घासून बघा.

प्रिंटर आल्यावर डार्कनेस मध्यावर आणि वेग कमी ठेवून सुरू करा. अक्षर फिकट आलं तर आधी वेग आणखी कमी करा, मगच डार्कनेस वाढवा. सतत जास्त तापवलं की हेड लवकर जातं. दर नव्या मापाच्या रोलला गॅप कॅलिब्रेशन करा, म्हणजे प्रिंटरला स्टिकरमधली फट ओळखू द्या, नाहीतर छपाई हळूहळू खाली सरकत जाते. तिरप्या पांढऱ्या रेघा म्हणजे रिबनला सुरकुती, ती सरळ बसवा. उभी पांढरी रेघ सारखी एकाच जागी येत असेल तर हेडवर गम किंवा मसाल्याची धूळ आहे. बंद करून, थंड झाल्यावर, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. ब्लेड लावू नका. पुसूनही रेघ राहिली तर हेडमधला ठिपका गेलेला आहे. आणि हा प्रिंटर डंकाच्या किंवा पॅकिंगच्या खोलीत ठेवू नका, मिरचीची बारीक पूड हेडवर बसते.

स्टिकर सुटण्याची तक्रार येते तेव्हा दोष बहुतेक वेळा पाकिटावरच्या पुडीचा असतो. आधी स्टिकर लावा, मग भरा. पॉलिथिनच्या पिशवीवर साधा गम तसाही कमी धरतो, म्हणून प्रेसला ‘पॉलिथिनवर लावायचे आहेत’ हे सांगून जास्त पकडीचा गम घ्या आणि नमुना आपल्याच पाकिटावर दोन दिवस चिकटवून ठेवा. पावसाळ्यात उरलेला रोल प्लास्टिक पिशवीत बंद करून ठेवा.

मजकुराबाबत: उत्पादनाची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख, बॅच, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, आणि त्याखाली एकक किंमत. २०० ग्रॅमचं पाकीट १२० रुपयांना असेल तर ‘₹ ०.६० प्रति ग्रॅम’. शाकाहारी चिन्ह रंगीत भागातच छापून घ्या. स्टिकर लागणारी पुढची बाजू १०० चौ. सेंमीपर्यंत असेल तर हिरव्या वर्तुळाचा व्यास किमान ३ मिमी, १०० ते ५०० असेल तर ४ मिमी, आणि चौकटीची बाजू व्यासाच्या दुप्पट. हे माप पाकिटाच्या बाजूवर ठरतं, स्टिकरच्या नाही, म्हणून अर्ध्या किलोच्या पाकिटाला बहुधा ४ मिमीचंच लागेल. चारही मालांना एकच स्टिकर वापरणार असाल तर सुरुवातीलाच मोठं माप घाला.

रंगीत रोल येईपर्यंत काम अडवू नका. राजारामपुरी-शाहूपुरीत डिजिटल प्रिंटवाले १२ × १८ इंची स्टिकर शीटवर छापून हाफ-कट करून (खालचा कागद अखंड ठेवून फक्त स्टिकर कापून) देतात. ७५ × ५० चे एका शीटवर साधारण २५ बसतात. पहिले पाचशे तसे काढा. तारखेसाठी एक कोरा छोटा पीपी रोल, ५० × २५ मिमीचा, त्याच थर्मल प्रिंटरवर छापून शेजारी लावता येतो. दुकानदारांनी डिझाइनमध्ये काही सुचवलं तर तो बदल प्लेट बनवायच्या आधीच करता येतो.