डायलिसिस, हिपॅटायटिस बीची लस आणि ६ चा आकडा

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे आहेत, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. हिपॅटायटिस बी लसीचे २० मायक्रोग्रॅमचे तीन डोस झाले, तरी अँटिबॉडी ६ च आली. सेंटरवर पुन्हा लस घ्यायला सांगतात. तीच लस परत घेऊन काय होणार?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लस तीच असली तरी मात्रा बदलायला हवी. २० मायक्रोग्रॅम ही धडधाकट प्रौढाची मात्रा. किडनी निकामी झाल्यावर रक्तात साचलेल्या विषारी घटकांमुळे प्रतिकारपेशी मंदावतात, म्हणून डायलिसिसवर ती दुप्पट, म्हणजे ४० लागते. मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम असलेल्या लसीचे असे चार डोस असतात : आज, मग पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. दर वेळी १ मिलिलिटरची दोन इंजेक्शनं.

पण आधी एक पाहा, ६ हा आकडा कधीचा? शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांत तपासला असेल, तर लस लागली नाही, वरचे चारही डोस घ्या. तेव्हा १० एमआययूच्या (दर मिलिलिटर रक्तातल्या अँटिबॉडीचं एकक; संरक्षणासाठी किमान १० लागतात) वर येऊन आता घसरला असेल, तर ४० चा एक बूस्टर पुरतो. पूर्वी रक्त चढवलं असेल, तर दात्याच्या अँटिबॉडीमुळेही आकडा तात्पुरता फुगतो.

इंजेक्शन दंडाच्या स्नायूतच घ्या. कुल्ल्यावर चरबीत गेलेली लस नीट लागत नाही, आणि हे अजूनही सर्रास घडतं. फिस्टुलाचा (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेला) हात वगळा. दोन्ही इंजेक्शनं एकाच दंडात, इंचभर अंतरावर दिली तरी चालतात. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपॅरिनमुळे रक्त वाहू शकतं, तेव्हा जागा दोन मिनिटं न चोळता दाबून धरा. लस २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी. एकदा गोठली की फेकायची, त्यातलं ॲल्युमिनियम गुठळ्या धरतं. एखादा डोस चुकला तर राहिलेलाच घ्या, पहिल्यापासून सुरू करू नका.

एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीचा संसर्ग दाखवणारी तपासणी, लसीआधी उरका. लसीनंतर दोन-तीन आठवडे ती उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि घरात घबराट होते.

चौथ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस, म्हणजे अँटिबॉडीची हीच तपासणी, करा, पुढे दरवर्षी. या फेरीनंतरही १० च्या खाली राहिली, तर तिसरी फेरी सहसा देत नाहीत. मग दरमहा एचबीएसएजी तपासतात, आणि बाधित रक्ताशी संपर्क आलाच तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) महिन्याच्या अंतराने दोनदा देतात.