बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आणि लाईट स्मार्ट स्विचवर घेता येतात का? आंघोळीनंतर फॅन आपोआप बंद व्हायला हवा.

हो, आरामात घेता येतात, फक्त दोघांना वेगवेगळे चॅनल (म्हणजे स्विचमधले स्वतंत्र चालू-बंद होणारे भाग) द्या आणि फॅनसाठी साधा ऑन-ऑफ रिलेवाला (नुसतं चालू-बंद करणारा) स्विच घ्या, डिमर (उजेड कमी-जास्त करणारा स्विच) अजिबात नको. मी वायरिंगचीच कामं करतो म्हणून सांगतो, फॅनमध्ये मोटर असते, ती लाईटच्या डिमरवर टाकली की घूं घूं आवाज करते, गरम होते आणि शेवटी मोटर किंवा डिमर जळू शकतो. स्विच घेताना त्यावर मोटर लोडचं रेटिंग (किती मोठी मोटर चालेल ते) वेगळं दिलंय का ते बघा, नुसतं बल्बचं रेटिंग बघून घेऊ नका. वेगळे चॅनल अशासाठी की आंघोळ झाल्यावर लाईट लगेच बंद करता येतो पण वाफ जायला फॅन अजून 20 मिनिटं तरी चालायला हवा, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. हा टायमर स्विचच्या ॲपमध्ये बहुतेक ऑटो ऑफ किंवा तशाच नावाने सापडेल, एकदाच सेट करायचा. ह्युमिडिटी सेन्सर जोडलात तर अजून छान, दमटपणा वाढला की फॅन स्वतःच चालू होतो.

फक्त स्विचबोर्डात न्यूट्रल वायर (करंट परत नेणारी वायर, बहुतेक स्मार्ट स्विचना स्वतः चालायला ती लागते) आहे का ते आधी इलेक्ट्रिशियनकडून मेन बंद करून बघून घ्या. न्यूट्रल नसेल तर बिन-न्यूट्रलचे स्विच मिळतात, पण ते बंद असतानाही लोडमधून (म्हणजे जोडलेल्या बल्ब किंवा फॅनमधून) थोडा करंट घेतात, त्यामुळे छोटा एलईडी बल्ब लुकलुकू शकतो आणि फॅनला ते बऱ्याचदा चालतच नाहीत.