मिथेन कुठल्या टोकाचा? ‘उत्सर्जन’ आणि ‘रवंथ’

प्रश्न असा आहे: ‘पशुधनाच्या उत्सर्जनाचे मापन’ या मथळ्यातलं उत्सर्जन म्हणजे शेण-मूत्र की वायू? शाळेत तर ‘उत्सर्जन संस्था’ म्हणजे मूत्रपिंडं असं शिकवलं होतं.

दोन्ही अर्थ चालतात. उद् + सृज् म्हणजे बाहेर सोडणं. काय सोडलं ते शब्द सांगत नाही, लिहिणाऱ्याने सांगायचं. ‘मिथेनचं उत्सर्जन’ लिहिलं की घोळ मिटला.

मला चीड येते ती ‘गाईच्या पादण्याने पृथ्वी तापते’ या वाक्याची. दर महिन्याला कुठेतरी ऐकतोच. पृथ्वी तापवणारा वायू म्हणजे मिथेन, आणि तो होतो कोटीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात. तिथे चारा आंबतो आणि बहुतेक सगळा वायू तोंडा-नाकावाटे, ढेकरांतून निघतो. शेणातून निघणारा मिथेन वेगळा, हिशेबात त्याचा रकानाही वेगळा. यालाच ‘आंत्रकिण्वन’ (इंग्रजीत ‘एन्टेरिक फर्मेंटेशन’) लिहिणाऱ्या तज्ज्ञांशीही माझं भांडण आहे. इंग्रजी संज्ञेतला ग्रीक ‘एन्तेरॉन’ आणि आपलं ‘अंत्र’ एकाच कुळातले, हे खरं. पण अंत्राचं मराठीत आतडं झालं, आणि कोटीपोट म्हणजे आतडं नव्हे. ‘कोटीपोटातलं आंबणं’ म्हटलं तर गोठ्यातल्या माणसालाही कळेल.

आता खरा शब्द: रवंथ. मूळ संस्कृत ‘रोमन्थ’. ग्रामचं गाव, नामचं नाव, आमलकचा आवळा, तसाच रोमन्थमधल्या म चा व झाला. त्यात ‘रोम’ म्हणजे केस शोधणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. मला त्यात ‘मन्थ’च ऐकू येतो. गिळलेला घास परत वर आणून घोळवणं हे घुसळणंच आहे. संध्याकाळी बसलेली म्हैस पाहा: मानेखालून एक गोळा वर सरकतो, जबडा आडवा फिरू लागतो, मग घास खाली जातो, क्षणभर थांबून पुढचा गोळा.

पाणिनीने या शब्दासाठी सूत्र केलं आहे: ‘कर्मणो रोमन्थतपोभ्यां वर्तिचरोः’ (३.१.१५). त्यावरून ‘रोमन्थायते गौः’, गाय रवंथ करते. त्यावर वार्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेली पुरवणी, येतं, ‘हनुचलन इति वक्तव्यम्’: हे क्रियापद जबडा हलत असेल तरच. का? कारण ‘कीटो रोमन्थं वर्तयति’ असाही प्रयोग आहे, आणि पाणिनीच्या सूत्रांवरचा ग्रंथ सिद्धान्तकौमुदी सांगतो की तिथे रोमन्थ म्हणजे अपानातून, म्हणजे गुदद्वारातून, निघालेलं द्रव्य. टीकाकार कैयट म्हणतो, किडा ते खातो. न्यासकार आणि हरदत्त हे दुसरे टीकाकार म्हणतात, त्याचा गोळा वळतो. मी शेणकिड्याला पाहिलं आहे, मी न्यासकारांच्या बाजूचा. पुढचं टोक आणि मागचं टोक यांत गल्लत होऊ नये म्हणून वैयाकरणांनी खास अट घातली, आणि आपल्या बातम्या तीच गल्लत रोज करतात!

मथळ्यातलं ‘मापन’ही तपासा. खरं मापन थोड्याच जनावरांचं होतं. बंदिस्त कक्षात गाय ठेवून आत-बाहेर जाणारी हवा तपासतात. किंवा कोटीपोटात सल्फर हेक्झाफ्लोराइडची छोटी नळी सोडतात, ती ठरलेल्या गतीने तो वायू सोडते. म्होरकीला बांधलेली बारीक नळी नाकपुडीजवळची हवा गळ्यातल्या निर्वात नळकांड्यात ओढते, आणि दोन वायूंच्या प्रमाणावरून मिथेन काढतात. नळी नाकपुडीशी लावतात, शेपटीशी नाही. देशाचा आकडा मात्र बहुतांशी गुणाकाराचा असतो. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतल्या सर्वांत सोप्या पद्धतीत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईला वर्षाला ५८ किलो मिथेन धरतात, म्हशीला ५५, शेळीला ५. याला ‘आकारणी’ म्हणावं. त्याहून बारकाईच्या पद्धतीत वजन, दूध आणि चारा यांवरून आकडा काढतात, पण तीही आकारणीच.

तेव्हा मथळा असा हवा होता: ‘गुरांच्या ढेकरांतल्या मिथेनची आकारणी’.