स्पर्धेआधी वॉर्म-अपच्या रिंगणात दहा-बारा घोडे एकत्र असतात, तिथे कसं वागायचं?

पहिली गोष्ट, समोरून कोणी आलं तर डावा खांदा डाव्या खांद्याला, म्हणजे दोघांनीही आपापल्या उजवीकडे सरायचं. आपल्या रस्त्यावरच्या सवयीच्या बरोबर उलट! त्यामुळे भारतात शिकलेले नवे स्वार इथे हमखास गोंधळतात.

घोडा नुसता संथ चालवत असाल तर कडेची वाट सोडून आत या, ती ट्रॉट-कँटरवाल्यांची, म्हणजे दुडक्या किंवा त्याहून वेगवान चालीने जाणाऱ्यांची. थांबून रिकीब आखूड करायची किंवा प्रशिक्षकाशी बोलायचं, तर मध्यभागी जा, पण सरावाच्या अडथळ्यांपासून लांब. फाटकात तर थांबूच नका.

अडथळ्याला लाल निशाण उजव्या हाताला आणि पांढरं डाव्या हाताला येईल, त्याच दिशेने उडी घ्यायची. आधी मोठ्याने 'ऑक्सर!' (दुहेरी, रुंद अडथळा) किंवा 'व्हर्टिकल!' (एकेरी, उभा अडथळा) असं ओरडा. लाजू नका, तुमची दिशा इतरांना त्यावरूनच कळते. उडीनंतरही समोर मोकळी जागा आहे ना, ते आधी बघा.

पुढच्या घोड्यापासून किमान एक घोडाभर अंतर ठेवा. शेपटीला लाल फीत दिसली, तर आणखी लांब राहा. तो लाथ मारणारा आहे. शेजारून सुसाट गेलात तर बिचारा तरणा घोडा बिथरतो, आणि शिव्या तुम्हालाच पडतात.

कोणी पडलं किंवा घोडा सुटला, तर सगळ्यांनी जागीच थांबायचं. सुटलेल्याच्या मागे घोडा दामटू नका, तो आणखी पळतो.

हेल्मेटचा पट्टा आत शिरण्याआधीच लावा. कानातले इअरफोन काढा.